कथील कधी चकाकते, कधी भुगा होते

पदार्थ नेहमी कमीत कमी ऊर्जेकडे जातो, हे वाक्य शाळेत पाठ होते आणि मग डोक्यातून जात नाही. ते अर्धेच खरे आहे. पूर्ण खरे असते, तर कथील हा चकचकीत धातू म्हणून आपल्याला दिसलाच नसता.

आपल्या ओळखीचे ते पांढरे कथील. त्याच अणूंची दुसरी रचना म्हणजे करडे कथील. हिऱ्यातल्या कार्बनप्रमाणे इथे प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे या रचनेची ऊर्जा मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक मोठ्या संख्येमागे, सुमारे २ किलोज्यूलने कमी भरते. मग सगळे कथील करडे का होत नाही?

कारण निवाडा एकट्या ऊर्जेच्या हाती नसतो. ऊर्जेतून तापमान आणि एन्ट्रॉपी यांचा गुणाकार वजा केला की उरते ती मुक्त ऊर्जा, आणि जिची ती कमी ती रचना टिकते. एन्ट्रॉपी म्हणजे, ढोबळमानाने, बाहेरून तसाच दिसणारा पदार्थ आतून किती प्रकारे असू शकतो याचे माप. पांढऱ्या कथिलात अणू अधिक मोकळेपणाने थरथरतात, म्हणून तिथे ती जास्त. फरक मोलमागे, दर केल्विनला, साधारण ७ ज्यूल. आता ७ ला २८६ केल्विनने गुणा: जवळपास २००० ज्यूल. ऊर्जेतला तोटा बरोबर भरून निघाला! २८६ केल्विन म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअस. त्याच्या वर पांढरे टिकाऊ, खाली करडे. दोन छोट्या आकड्यांतून हे कळावे, यासारखा देखणा हिशेब क्वचितच सापडतो.

पण टिकाऊ रचना कोणती हे ठरले, म्हणजे बदल घडलाच असे नाही. करडे होताना आकारमान सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. पहिला कण उगवायचा तर आजूबाजूचा घट्ट धातू ताणावा लागतो, आणि ती ऊर्जा सहजी जमत नाही. थंडी वाढली की बदलाची ओढ वाढते, पण अणूंची हालचाल मंदावते. म्हणून वेग सर्वाधिक असतो तो उणे ३० ते ४० अंशांच्या आसपास. एकदा कण रुजला की तो पसरतो, धातू फुगतो आणि त्याची भुकटी होते.

१८१२च्या रशियन मोहिमेत नेपोलियनच्या सैनिकांच्या कथिलाच्या बटणांची अशीच भुकटी झाली, ही गोष्ट मोठ्या चवीने सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही. काही धातूंच्या थोड्याशा अशुद्धीनेही हा बदल फार रेंगाळतो.

शिशाने तर तो जवळजवळ अडतो. म्हणूनच विजेच्या उपकरणांतल्या डाखातून शिसे हद्दपार होऊ लागल्यावर, अतिथंड जागी वापरायच्या जोडांसाठी कथिलात बिस्मथ किंवा अँटिमनी मिसळण्याकडे अभियंत्यांना लक्ष द्यावे लागते.