बालपणी शिकलेली भीती आणि तिच्यावरचं नवं शिक्षण

जिन्यावरची पावलं ऐकून आज घरात काय होणार, हे ओळखणारी मुलं असतात. दार कसं आपटलं, आवाज कितपत चढला, सगळं ती टिपत असतात. मोठेपणी अशा माणसाला वरिष्ठांनी नुसतं ‘जरा येऊन जा’ म्हटलं, तरी छातीत धडधडतं. ‘उगाच टेन्शन घेतोस’ हे वाक्य त्याला हमखास ऐकावं लागतं. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण त्या घरात ती भीती मुळीच ‘उगाच’ नव्हती.

सेथ पोलॅक आणि पवन सिन्हा या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. अगदी अंधूक दिसणारे चेहरे हळूहळू स्पष्ट करत मुलांना दाखवले गेले. घरी मारहाण सोसलेल्या मुलांनी राग इतर मुलांपेक्षा लवकर ओळखला, चित्र पुरतं उमटण्याआधीच. म्हणजे ही मुलं धोका ओळखण्यात तरबेज झाली होती. पुढे घर सुटतं, पण ही सवय सुटत नाही. मेंदूतला अमिग्डाला हा धोका हेरणारा भाग इशारा देत राहतो, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही तणावाची संप्रेरकं स्रवतात आणि धोका नसतानाही शरीर पळायच्या तयारीत राहतं.

मग बरं होणं म्हणजे काय? जुनी भीती खोडून टाकणं, असं बहुतेकांना वाटतं आणि तिथेच निराशा सुरू होते. उंदरांवरच्या प्रयोगांत मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांना दिसलं, की एका पिंजऱ्यात शिकलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात विझवता येते; पण उंदराला मूळ पिंजऱ्यात नेलं की ती परत येते. ती पुसली गेलेलीच नसते. ‘इथे आता सुरक्षित आहे’ हे नवं शिक्षण तिच्यावर मात करत असतं आणि त्यात कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मोठा वाटा असतो. वर्षभर थेरपी घेऊन सावरलेला माणूस आईवडिलांच्या घरी दोन दिवसांत पुन्हा कासावीस होतो, तो यामुळे. त्याची मेहनत वाया गेलेली नसते.

‘माझं बालपण असं गेलं, आता माझं काही होणार नाही’ असं म्हणणारेही भेटतात. बालपणीचे आघात आणि मोठेपणीचे आजार यांचा संबंध दाखवणारा फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांचा १९९८ चा अभ्यास गाजला. पण त्यातला, बालपणीचे आघात मोजून काढलेला गुणांक एकेका माणसाचं भवितव्य सांगण्यासाठी वापरू नका, असं खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये बजावलं.

आघातानंतरच्या तणाव विकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत आघाताच्या आठवणी हाताळणारी थेरपी) या उपचारपद्धतींची शिफारस केली. दोन्ही प्रशिक्षित थेरपिस्टसोबतच कराव्यात. धडधड वाढली, तर श्वास सावकाश सोडणं मात्र कुणालाही जमतं. उच्छ्वासाच्या वेळी मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू हृदयाचा वेग कमी करतो. आणि नवं शिक्षण त्या त्या जागेशी बांधलेलं असल्यामुळे ‘मी सुरक्षित आहे’ हा अनुभव थेरपिस्टच्या खोलीपुरता ठेवून भागत नाही. तो कामाच्या जागी, मित्रांत, फोनवर आणि जमेल तेव्हा, जमेल तेवढाच, त्या जुन्या घरातही घ्यावा लागतो.