रस्त्यावरच्या रेसची जुनी गोष्ट आणि नव्या स्ट्रीट सर्किटांचा वाद

2026 च्या फॉर्म्युला वन कॅलेंडरमध्ये माद्रिद आलं आणि जुना वाद परत सुरू झाला, की अजून एक स्ट्रीट सर्किट, म्हणजे शहरातले रस्ते बंद करून केलेला ट्रॅक, कशाला, दोन्हीकडे भिंती, मध्ये नव्वद अंशाचे कोपरे आणि कोणी कोणाला ओव्हरटेक करत नाही. आमच्या इंदूरच्या ग्रुपमध्ये पण सरळ दोन पार्ट्या आहेत. म्हणून म्हटलं जरा मागे जाऊन बघू हे प्रकरण सुरू कुठून झालं, कारण दोन्हीकडचे लोक "स्ट्रीट सर्किट" म्हणताना वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

गंमत म्हणजे माद्रिदला रस्त्याने रेस न्यायचा प्रयत्न 1903 मध्येच झाला होता. पॅरिस ते माद्रिद, साध्या पब्लिक रोडवरून, दोनशेच्या वर गाड्या, कडेला गर्दी, आणि पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीत मागच्याला काही म्हणता काही दिसत नव्हतं. मार्सेल रेनो हा ड्रायव्हर त्यातच मेला, अजून काही लोक मेले, आणि फ्रेंच सरकारने रेस बोर्दोलाच बंद केली, गाड्या घोड्यांना जुंपून स्टेशनवर नेल्या आणि रेल्वेने परत पाठवल्या. त्यानंतर गावाहून गावाला रेस हा प्रकार मोठ्या प्रमाणावर संपला, आणि रस्त्याचा एखादा गोल तुकडा बंद करून तिथेच फेऱ्या मारायच्या ही पद्धत रुळली.

म्हणजे सुरुवातीला स्ट्रीट सर्किट ही काही वेगळी फॅन्सी कल्पना नव्हती, दुसरी सोयच फारशी नव्हती. मुद्दाम बांधलेला पहिला मोठा ट्रॅक इंग्लंडमधला ब्रुकलँड्स, तो 1907 चा. मोनॅकोची रेस 1929 पासून, अँटनी नोगेसने जमवलेली, पहिली ग्रोव्हर-विल्यम्सने बुगाटीत जिंकली. इटलीतलं पेस्कारा तर 1957 मध्ये जवळजवळ 26 किलोमीटरचं होतं, मध्ये गावंबिवं सगळं. मोनॅकोत 1955 ला अस्कारी हा ड्रायव्हर गाडीसकट बंदरात पडला आणि पोहत बाहेर आला, हा किस्सा लोक आजही हसत सांगतात, पण त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल मान्सच्या रेसमध्ये ऐंशीच्या वर लोक मेले आणि हवा बदलली. 1975 मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइकवर स्टोमेलेनची गाडी उडाली, प्रेक्षकांत मृत्यू झाले, आणि ते सर्किट फॉर्म्युला वनने कायमचं सोडलं. तोपर्यंत बहुतेक रेसिंग गावाबाहेर, रनऑफ (घसरलेली गाडी थांबायला मोकळी जागा) आणि कुंपण असलेल्या ट्रॅकवर गेलं होतं.

मग नेमकं पुढच्याच वर्षी, 1976 ला, अमेरिकेतलं लाँग बीच आलं, आणि माझ्या मते "नवीन" स्ट्रीट सर्किटचा खरा जन्म इथला. क्रिस पूक नावाचा एक ट्रॅव्हल एजंट, गाव म्हणजे कळा गेलेलं बंदर, आणि डोक्यात मोनॅको. इथे रेस रस्त्यावर आली ती ट्रॅक नाही म्हणून नाही, शहराला नाव कमवायचं होतं म्हणून. हा फरक लक्षात ठेवला की पुढचं सगळं कळतं. त्यानंतर अमेरिकेत रांगच लागली, लास वेगासला तर 1981 आणि 82 मध्ये चक्क सीझर्स पॅलेस हॉटेलच्या पार्किंगमध्ये रेस, मग डेट्रॉइट, मग 1984 चं डॅलस, जिथे जुलैच्या उन्हात डांबर उखडलं, रॉसबर्ग डोक्याला गार पाणी फिरणारी टोपी घालून जिंकला आणि मॅन्सेल बंद पडलेली गाडी ढकलता ढकलता बेशुद्ध पडला. बघायला थरार होता म्हणा, पण ते चांगलं रेसिंग होतं असं मी तरी म्हणणार नाही.

उलट लाँग बीचची 1983 ची रेस बघा. जॉन वॉटसन 22 व्या नंबरवरून सुटला आणि जिंकला, 23 व्या वरचा लाउडा दुसरा आला. रस्ता तोच, भिंती त्याच, पण त्यांचे मिशेलिन टायर क्वालिफायिंगमध्ये (रेसला कोण कितव्या नंबरवरून सुटणार हे ठरवणाऱ्या फेऱ्यांत) गरमच होत नव्हते आणि रेसमध्ये मस्त चालले. म्हणजे फास्ट गाडी मागे अडकली होती, ती पुढे आली. मजा रस्त्याने दिली की टायरने? लोक याचं श्रेय रस्त्याला देऊन मोकळे होतात.

2008 ला एकाच वर्षात दोन नवीन आली, व्हॅलेन्सिया आणि सिंगापूर. व्हॅलेन्सियाने पहिल्या वर्षी भयंकर बोअर केलं, तरी 2012 ला अलोन्सो तिथेच अकराव्या नंबरवरून जिंकला. सिंगापूर पहिलीच नाइट रेस, आणि पिके ज्युनियरने मुद्दाम गाडी भिंतीत घातली ते प्रकरण पण तिथलंच.

खरा धडा अझरबैजानच्या बाकूचा, 2016 पासूनचा. किल्ल्याजवळ रस्ता साडेसात मीटरच्या आसपास, तिथे ओव्हरटेक विसरा, पण शेवटी दोन किलोमीटरच्या वर फुल थ्रॉटल आणि मग जोरात ब्रेक. मागचा स्लिपस्ट्रीम घेत, म्हणजे पुढच्या गाडीने कापलेल्या हवेत कमी अडथळ्याने, येतो आणि ब्रेकिंगला आत घुसतो. त्यात सरळ रस्त्यासाठी विंग (हवेने गाडी खाली दाबून ठेवणारा पंख) कमी लावावी तर किल्ल्याजवळ गाडी घसरते, जास्त लावावी तर सरळ रस्त्यावर मार खाते, प्रत्येक टीम वेगळा जुगार खेळते. 2017 ला रिकार्डो दहाव्या नंबरवरून जिंकला, 2021 ला व्हर्स्टापेनचा टायर फुटला, रेस परत सुरू झाल्यावर हॅमिल्टन वळण चुकून सरळच गेला आणि पेरेझ जिंकला. मोनॅकोत भिंती तशाच आहेत पण तो लांब सरळ रस्ता नाही, आणि 2017 मध्ये गाड्या दोन मीटर रुंद झाल्या, 2024 ला पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने आले. संध्याकाळी सराफ्याच्या गल्लीत पुढच्या ॲक्टिव्हाच्या मागे अडकलात की कितीही हॉर्न वाजवा, तसं. 2025 मध्ये दोन पिट स्टॉप (टायर बदलायला थांबणं) सक्तीचे केले तर काही टीम्सनी मुद्दाम एक गाडी हळू चालवून मागच्यांना अडवून ठेवलं. त्यामुळे मोनॅकोचा शनिवार, म्हणजे क्वालिफायिंग, बघावा, रविवारी निवांत जेवावं.

रस्त्याबद्दल अजून एक, जे टीव्हीवर फार दिसत नाही. आपला रोजचा रस्ता पाणी वाहून जावं म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यावर झेब्राचे पांढरे पट्टे, आणि पाऊस पडला की ते पट्टे साबणासारखे. चेंबरची झाकणं तर डोकेदुखीच, कारण या गाड्यांच्या खाली हवेचा दाब इतका कमी होतो की लोखंडी झाकण वर खेचलं जातं, म्हणून ती आधी वेल्ड करून ठेवतात. तरी 2019 ला बाकूत रसेलची आणि 2023 ला लास वेगासला साइन्झची गाडी खालून फुटली. वेगासचं ते सरावाचं सेशन काही मिनिटांत बंद, पुढचं इतकं उशिरा झालं की प्रेक्षकांना त्याआधीच घरी पाठवलं, सगळे म्हणाले फ्लॉप. आणि रविवारी सकाळी साडेअकराला आपण पोहे खात बसलो तर रेस एक नंबर निघाली, लेक्लेरने शेवटच्या लॅपला पेरेझला मागे टाकलं. कारण तेच, स्ट्रिप या वेगासच्या मुख्य रस्त्यावरचा लांबच लांब सरळ रस्ता आणि पुढे ब्रेक.

2017 ला लिबर्टी मीडिया या अमेरिकन कंपनीने फॉर्म्युला वनचा धंदा हातात घेतल्यापासून अशी ठिकाणं वाढली. जेद्दा, मायामी यांना स्ट्रीट म्हणतात खरं, पण मायामी स्टेडियमभोवतीच्या आवारात आहे आणि जेद्दाचा बराच भाग रेससाठीच बांधला. माद्रिदचं पण अर्धं एक्झिबिशन ग्राउंडच्या आसपासचे रस्ते, अर्धं नवीन, त्यात एक मोठं बँकिंगवालं, म्हणजे बाहेरच्या बाजूने उचललेलं, वळण. तेव्हा "रस्त्यावर आहे म्हणून बोअर" हे वाक्यच इथे नीट लागू होत नाही.

आपल्याकडे 2023 च्या फेब्रुवारीत हैदराबादला हुसेन सागरजवळ फॉर्म्युला ई, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांची रेस, झाली, व्हर्न जिंकला, त्याच वर्षाअखेर सरकार बदललं आणि पुढच्या वर्षीची रेस रद्द. चेन्नईला आयलंड ग्राउंडभोवती साडेतीन किलोमीटरवर 2024 च्या ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला नाइट रेस झाली, ती आधी वादळामुळे पुढे ढकललेली. ते बघून आमच्याकडे लगेच सुरू, भिया, इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर करून टाका, एवढा रुंद आणि सरळ रस्ता कोणाकडे आहे. सरळ आहे हे कबूल, पण शेवटी नीट ब्रेक मारायला लावणारं वळण कुठे आणणार, आणि मध्ये मेट्रोचे खांब उभे आहेत. मग दुसरा म्हणतो पीथमपूरच्या नॅट्रॅक्सवर करा, 11.3 किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक आहे. तो गाड्यांच्या टेस्टिंगसाठीचा बँकिंगवाला ओव्हल, वळणातही वेग कमी करावा लागू नये म्हणूनच तसा बांधलेला, म्हणजे ब्रेकिंगला आत घुसायची जी मजा बाकूत येते ती तिथे मिळायची नाही.