शेअरचे विभाजन: तुमच्या खात्यात काय बदलते, काय नाही

कंपनीने शेअरचे विभाजन केले की त्या दिवशी सकाळी आम्हाला येणारे बहुतेक फोन घाबरलेल्या ग्राहकांचे असतात. काल हजारावर असलेला भाव आज दोनशेवर दिसतो, खात्यातली एकूण रक्कम घसरलेली असते. काही जण तर घाईने शेअर विकूनही मोकळे होतात. ही घाई टळावी म्हणून हे पत्रक.

समजा, तुमच्याकडे 40 शेअर आहेत. भाव 1,000, दर्शनी मूल्य (कंपनीने शेअरची ठरवलेली मूळ किंमत, बाजारभाव नव्हे) 10. कंपनीने दर्शनी मूल्य 2 वर आणले, म्हणजे एका शेअरचे पाच झाले. आता तुमच्याकडे 200 शेअर, भाव 200 च्या आसपास. आधीचे 40,000 आताही 40,000 च. बाकीच्या भागधारकांचे शेअरही पाचपट झाल्याने कंपनीतला तुमचा वाटा तसूभरही हलत नाही. प्रति शेअर नफा आणि लाभांश मात्र पाचाने भागलेले दिसतात. ‘लाभांश कमी केला’ असा समज यातूनच होतो.

मग कंपन्या हे करतातच कशाला? भाव फार चढला की थोडे पैसे बाजूला टाकणाऱ्याला एक शेअर घेणेही जड जाते. भाव आवाक्यात आला की घेणारे वाढतात आणि खरेदी-विक्री सुलभ होते. ॲमेझॉन आणि अल्फाबेटने 2022 मध्ये एकाचे वीस केले, एनव्हिडियाने 2024 मध्ये एकाचे दहा. बर्कशायर हॅथवेने मात्र ‘ए’ वर्गाचा शेअर कधीच विभागला नाही. लहान गुंतवणूकदारांसाठी त्यांनी 1996 मध्ये वेगळा ‘बी’ वर्ग काढला, आणि 2010 मध्ये त्या ‘बी’ शेअरचे मात्र एकाचे पन्नास केले.

विभाजन जाहीर झाल्यावर काही दिवस भाव चढतो, हे आम्हीही पाहतो. तरीही केवळ त्यासाठी शेअर घ्या, असे आम्ही कुणालाही सांगत नाही. धंदा कालचाच आहे.

बोनस शेअर, म्हणजे आहेत त्या शेअरवर कंपनी फुकट देते ते, वेगळे. त्यात दर्शनी मूल्य तेच राहते आणि राखीव निधीतली रक्कम भागभांडवलात जाते. भाव दोन्हींत उतरतो, म्हणून गल्लत होते.

उलटे विभाजनही असते: अनेक शेअर मिळून एक. सिटीग्रुपने 2011 मध्ये दहाचा एक केला होता. भाव फार खाली गेलेल्या कंपन्या सहसा या वाटेने जातात, तेव्हा अशी घोषणा दिसली तर कंपनीचे ताळेबंद जरूर तपासा. हिशेबात उरलेल्या अपूर्ण शेअरचे बहुधा पैसे मिळतात.

आता तुमच्या कामाचे. रेकॉर्ड डेटला, म्हणजे भागधारक कोण हे पाहण्यासाठी कंपनीने ठरवलेल्या तारखेला, शेअर तुमच्या नावावर असले की नवे शेअर आपोआप जमा होतात. अर्ज करावा लागत नाही. भाव आधी उतरतो आणि शेअर कधीकधी एक-दोन दिवसांनी जमा होतात. मधल्या काळात दिसणारा तोटा खरा नसतो, तेव्हा विकू नका. आधी लावून ठेवलेल्या ऑर्डर, विशेषतः स्टॉप-लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकण्याची ऑर्डर), रद्द करून नव्या भावाने लावा. वहीतला खरेदीचा भावही त्याच प्रमाणात भागून लिहा: 600 ला घेतलेला शेअर आता 120 चा. खरेदीची तारीख मात्र जुनीच ठेवा.