‘रँडम हार्वेस्ट’: एक गोष्ट, दोन वेगळी गुपितं

‘रँडम हार्वेस्ट’ पाहिलेला माणूस कादंबरीच्या वाटेला जात नाही. गोष्ट तीच ना, मग कशाला? जेम्स हिल्टनची कादंबरी १९४१ची, मर्विन लरॉयचा चित्रपट १९४२चा. दोन्हींत पहिल्या महायुद्धात स्मृती गमावलेला तोच स्मिथी आणि त्याच्यावर जीव लावणारी तीच पॉला. तरी मला विचाराल तर ही दोन निराळी कामं आहेत. (पुढे दोन्हींचे शेवट फोडले आहेत. कादंबरी वाचायची असेल तर इथूनच मागे फिरा.)

कादंबरी हे कोडं आहे. चार्ल्स रेनियर, म्हणजे स्मिथीच, आपल्या हरवलेल्या वर्षांचा माग काढतो आणि त्याची बायको हीच पॉला होती, हे आपल्याला अगदी शेवटी कळतं. ही चलाखी कागदावरच जमते, कारण शब्दांना चेहरा नसतो. पडद्यावर पॉला झालेली ग्रीर गार्सन सेक्रेटरी म्हणून दारातून आत आली की लपवायला उरतंच काय?

म्हणून चित्रपटाने ते लपवलंच नाही. आधी डेव्हनमधलं घर, करकरणारं फाटक, बाळ, सगळं सरळ क्रमाने दाखवलं. मग लिव्हरपूलमध्ये टॅक्सीची धडक बसते. रेनियरला जुनं आयुष्य आठवतं आणि पॉला पुसली जाते. पुढे ती त्याच्याच ऑफिसात नोकरी धरते, व्यवहार म्हणून त्याच्याशी पुन्हा लग्नही करते, पण ‘मीच ती’ हे सांगत नाही. कादंबरीत आपण त्याच्यासारखेच अंधारात असतो. इथे मात्र आपण तिच्या बाजूला बसलेलो असतो. समोर तो त्या डेव्हनच्या घराची जुनी किल्ली बोटांत फिरवतो, कुठल्या दाराची ते त्याला कळत नाही, आणि आपला जीव वरखाली होतो. मेलोड्रामाला नाकं मुरडणाऱ्यांनी हा अर्धा तास बघावाच. ती रडत नाही, कागद पुढे करते आणि बोलते कामाचंच.

स्मिथी झालेला रोनाल्ड कोलमन तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. तरुण सैनिक म्हणून तो पटत नाही, हे कबूल. पण तो स्वतः पहिल्या महायुद्धात जखमी झालेला होता, आणि सुरुवातीच्या दृश्यांतलं त्याचं अडखळतं बोलणं बघताना वयाचा विसर पडतो.

सात ऑस्कर नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. गार्सनला त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं ते ‘मिसेस मिनिव्हर’साठी, तिथेही लोकांची गल्लत होते.

दोन्ही अनुभवायची असतील तर आधी कादंबरी घ्या. चित्रपटाआधी ती वाचली तर चित्रपटाचं काहीच बिघडत नाही. उलट क्रमाने गेलात तर हिल्टनचं शेवटचं पान वाया गेलं.