रुग्णालयीन अर्गोनॉमिक्स : ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात

परिचारिका, कक्षसेवक, आया, सफाई कामगार आणि रुग्णवाहिकेवरील कर्मचारी यांना कामामुळे होणारी कंबर, मान, खांदे व मनगट यांची दुखणी टाळण्यासाठी कामाची जागा, साधने आणि पद्धत शरीराला मानवेल अशी बदलण्याच्या नियोजित उपक्रमाला रुग्णालयीन अर्गोनॉमिक्स कार्यक्रम म्हणतात. ‘काम’ आणि ‘नियम’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ‘अर्गोनॉमिक्स’ ही संज्ञा बनली असून पोलिश शास्त्रज्ञ यास्त्रशेंबोव्स्की यांनी ती १८५७ मध्ये प्रथम वापरली.

रुग्ण हे पोत्यासारखे ओझे नव्हे. पोते घट्ट धरता येते, अंगाशी घेता येते; रुग्ण मात्र मध्येच कण्हतो, घाबरून सिस्टरच्या गळ्यात हात टाकतो, आणि सलाइनची नळी सांभाळायची म्हणून उचलणाऱ्याला हात लांब करून वाकावेच लागते. शरीरापासून ओझे जितके दूर तितका कंबरेच्या तळच्या मणक्यांमधील चकतीवरचा दाब अधिक. अमेरिकेतील नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने या दाबाची मर्यादा ३,४०० न्यूटन धरली आहे आणि सर्व परिस्थिती अनुकूल असताना हाताने उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो ठरवली आहे. रुग्ण उचलण्यासाठी हीच मर्यादा सुमारे १६ किलोंवर आणावी, असे २००७ मध्ये सुचवण्यात आले. कितीही हलका असला तरी प्रौढ रुग्ण या आकड्यात बसत नाही. त्यामुळे योग्य रीतीने कसे उचलावे यापेक्षा उचलणेच कसे टाळावे, हा या शास्त्राचा मुख्य प्रश्न आहे.

ब्रिटनमध्ये हाताने ओझी हाताळण्याविषयी १९९२ चे स्वतंत्र नियम आहेत, तर अमेरिकेतील काही राज्यांनी सुरक्षित रुग्ण-हाताळणीचे कायदे केले आहेत. तेथील कार्यक्रमांचा भर रुग्णाला उचलणाऱ्या, छताला बसवलेल्या विजेच्या पाळण्यांवर आणि उंची बदलता येणाऱ्या खाटांवर असतो. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाने त्याच यादीवरून खरेदी केली, तर वीज आणि दुरुस्ती या दोन्हींसाठी अडून राहिलेले यंत्र कोपऱ्यात पडण्याचीच शक्यता जास्त.

गडचिरोली किंवा मेळघाटातील दुर्गम पाड्यावरून रुग्णाला अनेकदा खाटेची कावड करून रस्त्यापर्यंत आणावे लागते. तेथून रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर, मग दवाखान्यातील ट्रॉली, मग वॉर्डातील खाट, असा त्याचा प्रवास चढउतारांचा असतो आणि प्रत्येक टप्प्यावर उंची बदलते. वॉर्ड भरला की जमिनीवर गादी पडते. तिच्यावरील रुग्णाला सलाइन लावणे, कूस बदलून देणे हे काम गुडघे टेकून किंवा कंबरेतून पूर्ण वाकूनच करावे लागते.

या परिस्थितीत उपयोगी पडणारे उपाय साधे आहेत. सिझेरियन झालेल्या बाईला ट्रॉलीवरून खाटेवर घेताना तिच्या अंगाखाली आडवी दुमडलेली चादर घालतात, दोन्ही पृष्ठभाग शक्य तितके एका उंचीला आणतात, ट्रॉलीची चाके अडवतात आणि चौघेजण ‘एक, दोन, तीन’ म्हणत चादरीच्या कडा अंगाजवळ धरून रुग्णाला सरकवतात. चादरीखाली गुळगुळीत प्लॅस्टिकचा कागद घातला तर ओढायला लागणारे बळ आणखी घटते. खाट ठेंगणी असेल तर चारही पायांखाली खोबण कोरलेले लाकडी ठोकळे बसवता येतात. मात्र म्हाताऱ्या रुग्णांना उतरताना तीच उंची नडते, म्हणून असे ठोकळे सरसकट वापरू नयेत. ऑक्सिजनचे मोठे सिलिंडर पन्नास किलोंहून अधिक भरते. ते तिरके करून बुडावर गरगर फिरवत नेण्याची सवय मोडायची, तर सिलिंडरची ट्रॉली वॉर्डाच्या दाराशीच हवी, भांडारात कुलपात नव्हे. गंजलेले चाक असलेली ट्रॉली ढकलताना खांदा भरून येतो, तेव्हा तेलाची कुपीही अर्गोनॉमिक साधनांत मोजायला हरकत नाही.

नुसते प्रशिक्षण मात्र पुरत नाही. गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, हा उपदेश फलकावर लावल्याने पाठदुखी घटते, याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. रात्रपाळीला वॉर्डात एकच सिस्टर आणि एकच मावशी असतील, तर चौघांची पद्धत शिकवून उपयोग नाही. अशा वेळी रुग्णाचे नातेवाईकच हात लावतात. त्यामुळे चादर कुठे धरायची आणि कोणाच्या इशाऱ्यावर सरकवायचे हे त्यांना अर्ध्या मिनिटात सांगणे, हा या भागातील कार्यक्रमाचा आवश्यक भाग ठरतो.

नोंदी ठेवण्याची अडचण वेगळीच आहे. उसण भरली की कर्मचारी बाम चोळतो, कंबरेला पट्टा बांधतो, पायाळू माणसाची लाथ खाल्ली की उसण जाते या समजुतीचीही परीक्षा पाहतो. पण ती कामावरची इजा म्हणून क्वचितच लिहून ठेवतो. वयाचे किंवा घरच्या कामाचे दुखणे म्हणून ते सोडून दिले जाते. म्हणून पाळीच्या वहीत दुखण्याची जागा, वेळ आणि त्या वेळी चाललेले काम एवढ्या तीन गोष्टी लिहिण्यापासून कार्यक्रमाची सुरुवात करणे सोयीचे असते. महिन्याभराच्या नोंदींवरून कोणती खाट, कोणता उंबरा किंवा कोणती पाळी त्रास देते ते कळते, आणि उपलब्ध पैसा प्रथम तेथे खर्च करता येतो.