चपळ की चंचल?

डेक्कनजवळच्या एका मैदानावर संध्याकाळी खो-खोचा सराव चालतो. परवा तिथे एक आई सरांना सांगत होती, "फार चंचल आहे हो ही, घरी एका जागी बसत नाही." सर म्हणाले, "ताई, जरा रांगेत बघा. चंचल नाही, चपळ आहे ती."

मुलगी उकिडवी बसली होती, हात जमिनीला टेकलेले, नजर पळणाऱ्या गड्यावर. पाठीवर 'खो' पडला आणि ती सुटली.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खो नियमांत बसवला. या खेळात खो मिळण्याआधी उठलं की फाऊल. खो मिळून एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. चंचल गडी इथे टिकत नाही. चपळ गडी थांबूही शकतो. दोन शब्दांतला फरक मला याहून स्वच्छ कुठे दिसलेला नाही.

चपळ असतं ते शरीर: पाय, हात, बोटं. मंडईबाहेर गजरा ओवणाऱ्या मावशींची बोटं चपळ, कारण प्रत्येक फूल बरोबर गाठीत बसतं. चंचल असतं मन, नजर, लक्ष्मी. 'चपळाईने झेल घेतला' म्हणतात. 'चंचलतेने झेल घेतला' कोणी म्हणणार नाही. चपळ बुद्धी म्हणजे पटकन उमगणारी, चंचल बुद्धी म्हणजे क्षणात बदलणारी.

घोळ होतो त्याला कारण आहे. संस्कृतातल्या 'चपल'मध्ये वेग आणि अस्थिरता दोन्ही आहेत. मराठीने 'चपळ'कडे वेग ठेवला, पण जुना अर्थ पुरता गेला नाही. समर्थ रामदास मारुतीला 'चपळांग' म्हणतात, ते कौतुकाने. तेच रामदास करुणाष्टकात 'अचपळ मन माझे नावरे आवरिता' अशी तक्रार करतात. इथला 'अ' नकाराचा नव्हे. अचपळ म्हणजे अतिशय चंचल! शाळेत आम्ही कित्येक जण ही ओळ 'मन चपळ नाही' अशी समजून म्हणत होतो.

खारीला मात्र दोन्ही शब्द शोभतात. फांदीवरून उडी घेते तेव्हा ती चपळ. अर्धा दाणा टाकून दुसऱ्याकडे धावते तेव्हा चंचल.

मुलांबद्दल बोलताना मात्र शब्द जपून वापरावा. 'चंचल' हा शेरा वहीत उमटला की वर्षभर पुसला जात नाही, आणि ज्या मुलीला फक्त मैदान हवं असतं तिला घरी बसवलं जातं.