४५ टक्के रंगांचा लॅपटॉप

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘फुल एचडी’ हे शब्द ठळक असतात. त्याच पानाच्या तळाशी, बारीक टायपात, कधीकधी ‘४५% एनटीएससी’ असे काहीतरी छापलेले असते. बहुतेक जण ते वाचतच नाहीत. पडदा किती रंग दाखवू शकतो, ते हा आकडा सांगतो. माझ्या मते स्क्रीनबद्दलचा एकच आकडा बघायचा असेल तर हा बघावा. फुल एचडीवरून पडद्यावर ठिपके किती आहेत एवढेच कळते. ते दिसतील कसे, हे कळत नाही.

ठिपके तेवढेच असूनही पडदे किती वेगळे असू शकतात, याचे एक जुने पण बोलके उदाहरण आहे. २०११ साली आलेला लेनोवोचा थिंकपॅड एक्स२२० दणकटपणासाठी नावाजला गेला. पडदा १२.५ इंची, ठिपके १३६६ गुणिले ७६८. ग्राहकाला मात्र दोन प्रकारच्या पॅनेलांतून (पॅनेल म्हणजे चित्र दाखवणारा मूळ पडदा) निवड करता येई: साधे टीएन, किंवा जादा पैसे मोजून आयपीएस. टीएनचा पडदा थोडा मागे कलला की चेहरे काळवंडत किंवा फिकटत. आयपीएसवर बाजूला बसलेल्यालाही चित्र जवळपास तसेच दिसे.

हा फरक रेणूंच्या बसण्यात आहे. एलसीडी पडद्यामागे पांढरा दिवा सतत जळत असतो. त्याच्यापुढे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या) पट्ट्या आणि त्यांच्या मधोमध द्रवस्फटिकाचा पातळ थर. या थरातले रेणू प्रकाशाची दिशा जेवढी वळवतात, तेवढाच तो दुसऱ्या पट्टीतून पार होतो. (हे विचित्र पदार्थ प्रथम १८८८ मध्ये फ्रिडरिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. ते कोलेस्टेरॉलपासून बनवलेल्या एका संयुगावर काम करत होते. दिवा-पडद्याचा विचार त्यांच्या स्वप्नातही नसणार.) टीएनमध्ये हे रेणू चक्री जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत जातात आणि विद्युतदाब दिला की काचेवर उभे राहू लागतात. अर्धवट उठलेला रेणू वरून पाहणाऱ्याला एक बाजू दाखवतो, खालून पाहणाऱ्याला दुसरी, म्हणून रंग बदलतात. आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात. हिताची कंपनीने ही पद्धत १९९६ च्या सुमारास बाजारात आणली.

आता अगदी स्वस्त लॅपटॉपवरही ‘आयपीएस’ लिहिलेले असते, त्यामुळे त्या शब्दावरून फारसे काही ठरत नाही. फरक आता दिव्यात आणि रंगगाळणीत लपला आहे, आणि ‘४५ टक्के’ नेमके त्याबद्दलच बोलतात.

एनटीएससी हे अमेरिकेतल्या रंगीत दूरचित्रवाणीचे १९५३ सालचे मानक. त्यात ठरवलेले रंग खुद्द टीव्ही बनवणाऱ्यांनीच पुढे सोडून दिले, पण लॅपटॉपवाले अजून त्याच पट्टीने मोजतात. आज इंटरनेटवरची बहुतेक छायाचित्रे एसआरजीबी या १९९६ मध्ये मांडलेल्या रंगपटासाठी (ठरवून दिलेल्या रंगांच्या संचासाठी) असतात. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण अख्खा एसआरजीबी, आणि ४५ टक्के म्हणजे त्याचे जेमतेम साठ-पासष्ट टक्के. अशा पडद्यावर कुंकवाचा लाल विटकरीकडे झुकतो. ऑनलाइन घेतलेली साडी घरी आल्यावर ‘फोटोत असा रंग नव्हता’ असे वाटले, तर दर वेळी दोष दुकानदाराचा नसतो.

लालच का बिघडतो? पडद्यामागचा पांढरा दिवा मुळात निळा एलईडी असतो (या निळ्या दिव्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले). त्याच्यावर पिवळा प्रकाश देणारा फॉस्फर लावतात. निळा आणि पिवळा मिळून पांढरा. यात गडद लाल मुळातच कमी. पुढे प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी, निळी गाळणी. गाळणी दाट असेल तर रंग शुद्ध, पण प्रकाश अडतो. ध्रुवक आणि गाळण्या पार करून मागच्या दिव्याच्या शंभर भागांतले पाच-दहाच डोळ्यांपर्यंत पोचतात. म्हणून स्वस्त पॅनेलात गाळणी विरळ ठेवतात. कमी दिव्यांत भागते, बॅटरी वाचते, आणि लालच्या जोडीने थोडा पिवळाही निसटून येतो. हा बिघाड नव्हे, हिशेब आहे.

हा हिशेब सहसा एकटा येत नाही. ४५ टक्केवाल्या पॅनेलची प्रकाशमानता बहुधा २५० निट्सच्या (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) आसपास असते. ट्यूबलाइटखाली ती चालते, खिडकीशेजारी अपुरी पडते. तिथे ४०० निट्स आणि चकाकी नसलेला मॅट पडदा हवा. शिवाय ही पॅनेले रंग बदलायला संथही असतात. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे प्रत्येकाला १६.७ मिलिसेकंद, ठिपक्याला रंग बदलायलाच त्याहून जास्त वेळ लागला, तर पान सरकवताना अक्षरे फरफटल्यासारखी दिसतात. देवनागरीत ते लवकर जाणवते: रफार आणि अनुस्वार आधी पुसट होतात.

मग ओएलईडी घ्यावा का? कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये दाखवलेल्या या तंत्रात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळा खरोखर काळा दिसतो आणि रंग भरघोस मिळतात. पण निळा सेंद्रिय पदार्थ लवकर झिजतो, आणि रोज तासन्‌तास एकाच जागी राहणाऱ्या टास्कबारचा ठसा उमटू शकतो. उजेड कमी केला की असे बरेच पडदे वेगाने उघडझाप करतात. काहींचे त्याने डोके दुखते. दुकानात उजेड ३० टक्क्यांवर आणून मोबाइल कॅमेऱ्यातून, शटरचा वेग वाढवून पाहिले, तर काळे पट्टे दिसू शकतात. दिवसभर हिशेबाचे तक्ते भरणाऱ्याने वर्षानुवर्षे वापरायला चांगला आयपीएसच घ्यावा, असे मला वाटते.

एक भानगड मात्र उरते. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या बीओई, एयूओ, इनोलक्स, एलजी अशा वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेले बसवतात. परीक्षणात वाचलेला पडदा तुमच्या खोक्यात असेलच असे नाही. सुदैवाने पॅनेल स्वतःची ओळख संगणकाला सांगते. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये मॉनिटरच्या रकान्यात कारखान्याची तीन अक्षरे आणि बहुतेकदा पॅनेलचा क्रमांकही दिसतो. तो शोधला की रंगांचा टक्का आणि निट्स बहुधा सापडतात. हे काम लॅपटॉप परत करण्याची मुदत संपायच्या आत उरकावे.